नजर जाईल तिकडे गाडी

(दृश्य : पायथा. नुकतंच उजाडतंय. एकच मोटारसायकल, हेडलाइट चालू.)

शनिवारची सकाळ. सपाटीचा रस्ता मागे पडला आणि पहिली चढण लागली. पाचवा, चौथा, तिसरा... गिअर उतरत जातो तसा इंजिनचा आवाज भरत जातो. इथून खिंडीपर्यंत वस्ती नाही, पंप नाही. म्हणून टाकी पायथ्यालाच फुल केली आहे. खालच्या गिअरमध्ये चढताना गाडी जास्त पेट्रोल पिते, सपाटीवरचं ॲव्हरेज धरून इथे हिशोब करू नये.

डोंगरातला रस्ता इतकी वळणं का घेतो? चढ चाकांना झेपेल एवढाच ठेवायचा, तर उंचीची किंमत लांबीने मोजावी लागते. दर दहा मीटरला एक मीटर चढ धरला, तर एक हजार मीटर वर जायला दहा किलोमीटरचा रस्ता लागतो. तेवढी जागा समोर नसते. मग रस्ता त्याच उतारावर पुन्हा पुन्हा उलटा फिरतो.

(दृश्य : उंचावरून दिसणारी हेअरपिन वळणांची रांग.)

आल्प्समधली स्टेल्व्हिओ खिंड २,७५७ मीटर उंचीवर आहे आणि तिच्या एकाच अंगाला अशी ४८ हेअरपिन वळणं आहेत. अभियंता कार्लो दोनेगानी यांच्या देखरेखीखाली १८२० ते १८२५ या काळात ऑस्ट्रियाच्या साम्राज्याने हा रस्ता बांधला. मोटारसायकल जन्माला यायला तेव्हा साठेक वर्षं होती. आज ज्या वळणांसाठी जगभरचे बायकर तिथे जातात, ती घोडागाड्यांना चढ झेपावा म्हणून आखलेली आहेत.

(दृश्य : स्लो मोशन. हँडलची डावी मूठ, हातमोज्यातला पंजा.)

आता हा हात नीट पाहा. वळण डावीकडे आहे आणि रायडर डावी मूठ पुढे ढकलतोय. म्हणजे पुढचं चाक क्षणभर उजवीकडे वळतं. चाक उजवीकडे सरकलं की गाडीचा तोल डावीकडे जातो, गाडी कलते, आणि कललेली गाडी डावीकडे वळते. दुचाकी चालवणारा प्रत्येक माणूस हे करतो, पण करतोय हे बहुतेकांना ठाऊक नसतं. विमान बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी थोरले विल्बर मुळात सायकलींच्या धंद्यातले. त्यांच्या हे लक्षात आलं होतं आणि ते सायकलस्वारांना मुद्दाम विचारत, डावीकडे वळताना तुम्ही नेमकं काय करता? पहिल्या फटक्यात पूर्ण बरोबर उत्तर कुणी देत नसे.

हातांना हे आपोआप जमतं. शिकवावं लागतं ते डोळ्यांना. डोंगरातली गाडी नजरेने चालवायची असते. दरीकडे, कठड्याकडे किंवा समोरच्या खड्ड्याकडे टक लावली, की गाडी तिकडेच ओढली जाते. भीती वाटते तिथेच डोळे खिळतात, आणि हात डोळ्यांच्या मागे जातात. म्हणून हेअरपिनमध्ये शिरतानाच मान वळवायची, खांद्यावरून बघितल्यासारखी, आणि वळण जिथे सुटतं तिथे नजर टाकायची. सुरुवातीला हे अवघड वाटतं, कारण पुढच्या चाकासमोरची जमीन नजरेतून सुटते.

लांबच्या वळणावर आणखी एक खूण कामी येते. रस्त्याच्या दोन्ही कडा पुढे एका बिंदूत मिळाल्यासारख्या दिसतात. आपण पुढे जाऊ तसा तो बिंदूही पुढे सरकत असेल, तर वळण उघडतंय, अलगद पिकअप द्यावा. बिंदू एका जागी थांबला किंवा आपल्याकडे यायला लागला, तर वळण आवळतंय. वेग तिथेच कमी करायचा, गाडी अजून सरळ असताना.

(दृश्य : वळणाच्या आतल्या कडेला पसरलेली बारीक खडी.)

ही खडी कुठून येते? मोठ्या गाड्यांची मागची चाकं वळणावर आतून, कच्च्या कडेवरून जातात आणि तिथली माती-खडी डांबरावर आणून टाकतात. नेमकी तिथे, जिथे दुचाकी कलते. कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरला धोका दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत साधारण २० मीटर लागतात. ताशी ६० ला ३५ च्या पुढे. डोंगराच्या कुशीतल्या वळणावर कधीकधी २५ मीटरच दिसतं. मग ६० ने जायचा प्रश्नच कुठे येतो? मागून कुणी घाई करत असेल, तर त्याला खुशाल पुढे जाऊ द्यावं. चार-सहा जण मिळून निघाले असतील तर प्रत्येकाने आपापल्या वेगाने यावं, पुढच्याने फाट्यावर थांबावं. पुढच्याला गाठायच्या नादात माणूस रस्ता बघायचा सोडून त्याचा टेललाइट बघत बसतो.

(दृश्य : खिंड. वाऱ्याचा आवाज.)

तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के असतो. फ्युएल इंजेक्शनची गाडी हवा किती आहे ते बघून पेट्रोल बेताने सोडते, तरी ताकद कमी होतेच. जुनी कार्ब्युरेटरची गाडी इथे काळा धूर टाकते, कारण पेट्रोल तेवढंच आणि हवा कमी. हजार मीटरमागे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. त्यात अंगावर येणारा वारा. बोटं आखडली की ब्रेक उशिरा दाबला जातो, म्हणून गरम हातमोजे बॅगेच्या तळाशी ठेवू नयेत.

मुक्काम खिंडीच्या अलीकडे.

(दृश्य : रविवार. सूर्य जेमतेम कड्यावर.)

लवकर निघायला ठोस कारण आहे. उन्हाने उतार तापले की हवा वर चढते आणि दुपारी शिखरांवर ढग साचतात. पाऊस, गडगडाट बहुधा दुपारनंतरच. पण सकाळीही सावलीतली वळणं ओली असतात, थंडीत तिथे बर्फाचा पातळ थर असतो. उन्हातून सावलीत शिरताना हे ध्यानात ठेवायचं.

आणि आता उतार. लोक चढणीला घाबरतात, पण कसोटी उताराची असते. मागच्या ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरलं, की डिस्क तापते आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकला पोहोचवणाऱ्या द्रवापर्यंत जाते. डॉट ४ या दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांच्या खाली उकळता कामा नये, असा निकष आहे. पण ते हवेतली ओल शोषतं आणि जुनं झालं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. पेडल दाबावं तर ते नुसतं खाली जातं, गाडी थांबत नाही. उपाय साधा आहे : ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. वेग इंजिन धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाआधी, थोडा वेळ, दोन्ही मिळून. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं म्हणजे हा आधार आपल्या हाताने काढून टाकणं.

(दृश्य : अरुंद वळण. खालून भरलेला ट्रक येतो. रायडर कडेला थांबतो.)

अरुंद रस्त्यावर चढणाऱ्याला वाट द्यायची असते. भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला, तर पुन्हा हलवताना क्लच जळतो, गाडी मागे सरकते. शिवाय हेअरपिनला त्याला अख्खा रस्ता लागतो. म्हणून वळणाच्या वरच्या बाजूलाच थांबायचं, पहिल्या गिअरमध्ये, पुढचा ब्रेक दाबून. ट्रक पूर्ण वर आला, त्याच्या मागून आणखी कुणी नाही याची खात्री झाली, की मगच क्लच सोडायचा.