दोन मीटरची मर्यादा

नमस्कार, श्रोतेहो. इस्रायल, वेस्ट बँक आणि गाझा यांची उपग्रहचित्रं वर्षानुवर्षं शेजारच्या देशांपेक्षा पुसट दिसायची. कॅमेऱ्यात काही दोष नव्हता. अमेरिकेनं १९९६ साली कायद्यात केलेली काइल-बिंगमन दुरुस्ती त्यामागं होती. परदेशी कंपन्या या भागाची जेवढी बारीक चित्रं विकतात, त्याहून बारीक चित्रं अमेरिकी कंपन्यांनी विकायची नाहीत, असा तो नियम. व्यवहारात ही मर्यादा दोन मीटर ठरली.

दोन मीटर म्हणजे चित्रातला एक पिक्सेल जमिनीवरची दोन बाय दोन मीटर जागा व्यापतो, आणि तिथला सगळा उजेड एकाच छटेत मिसळून जातो. रस्त्यावरची साडेचार मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद मोटार घ्या. तिच्या वाट्याला जेमतेम दोन पिक्सेल येतात. मोटार आहे की पत्र्याचा तुकडा, सांगता येत नाही. तीच मोटार पन्नास सेंटीमीटरच्या चित्रात तीसेक पिक्सेल घेते, पुढची काच काळपट पट्टीसारखी दिसते. घर जमीनदोस्त झालं तर दोन मीटरलाही कळतं; पण छताला पडलेलं भोक किंवा जुन्या टेकाडावर चोरांनी खणलेला लहान खड्डा हरवतो. नुकसान मोजणाऱ्यांना आणि पुरातत्त्वज्ञांना नेमकं तेच हवं असतं.

फ्रान्सचा प्लेयाद उपग्रह डिसेंबर २०११ मध्ये अवकाशात गेला आणि पन्नास सेंटीमीटरची चित्रं बाजारात आली. नियमातल्या अटीप्रमाणे मर्यादा तेव्हाच खाली यायला हवी होती. तरी अमेरिकेनं मर्यादा ०.४ मीटरवर आणली ती २०२० साली. इतका उशीर मला अक्षम्य वाटतो.

चित्र विकत घेताना फक्त फाइलमधला पिक्सेलचा आकार पाहू नका. सोळा पिक्सेलची सरासरी काढून एक केला की गेलेला तपशील परत येत नाही. दोन मीटरचं चित्र ताणून पन्नास सेंटीमीटरचं केलं तर फाइल फक्त जड होते. मूळ बारकाई किती आणि कॅमेरा किती कललेला होता, हे विचारा. वर्ल्डव्ह्यू-३ हा अमेरिकी उपग्रह सरळ खाली पाहताना ३१ सेंटीमीटर देतो, वीस अंश कलला की ३४. मग रस्त्यावरच्या मोटारी मोठ्या करून पाहा. कडा सुट्या दिसत नसतील तर चित्र ताणलेलं असण्याची शंका घ्या. आणि गाझाचं २०१४ सालचं चित्र हवं असेल, तर आधी फ्रेंच संग्रह तपासा.