चोरून खाल्लेला पाव आणि उघडा हौद

मागे आवाज येतोय ना सगळ्यांना? तो कोपऱ्यातला पंखा बंद केला तरी चालेल, फार खडखडतोय. हां, आता ठीक. पत्रिकेत विषय छापलाय 'माणसाचं एकत्व आणि जाणिवेतला बदल', आणि हा बदल नक्की घडतो कसा हे सांगायचं मी आयोजकांना कबूल केलंय. तर माणूस सगळा एक आहे हे इथे बसलेल्या कुणाला पटवायची गरज नाही, आपण सगळे पसायदान म्हणत म्हणत मोठे झालो, शाळेत हात जोडून म्हटलंय. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. इतकं पटलेलं आहे तर ते रस्त्यावर, जिन्यात, दारात दिसत का नाही?

माझं जे काही म्हणणं आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वेळ कमी पडला तरी राहायला नको. जाणीव आतून बदलते हे खरं, पण एका माणसाकडून दुसऱ्याकडे ती जाते ती उघडपणे केलेल्या कृतीतून. चारचौघांत, दिवसाढवळ्या. माणूस दुसऱ्याला प्रेमाने वागताना बघतो आणि मग त्याला तसं वागायचा धीर येतो. लपवून ठेवलेली जागृती कितीही खरी असली तरी तिथल्या तिथे विरून जाते.

आणि हे सांगायला गिरगावासारखी जागा नाही, कारण ती गोष्ट इथलीच आहे. आपण बसमधून उतरताना 'प्रार्थना समाज' म्हणतो, स्टॉपचं नाव म्हणून, पण त्याच्या आधीचं काय ते फारसं कुणी सांगत नाही. 1849 साली या मुंबईत परमहंस मंडळी नावाची एक मंडळी सुरू झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर त्यात होते, ज्यांनी आपल्याला मराठी व्याकरण दिलं ते दादोबा, म्हणजे तुम्हीआम्ही कर्ता कर्म क्रियापद करत मार खाल्ला त्याचं मूळ तिथे आहे बरं का! (हशा) तर ही शिकलेली तरुण पोरं, एकच ईश्वर मानणारी, जातपात न मानणारी. आणि आत यायचं तर ते कसं सिद्ध करायचं? ख्रिश्चन माणसाने भाजलेला पाव खाऊन.

आज आपल्याला यात काही वाटत नाही, आपण सकाळ-संध्याकाळ पावच खातो, वडापाव नसेल तर मुंबई चालायची नाही. पण त्या काळात त्या एका घासाची किंमत काय होती याचा जरा विचार करा, जातीबाहेर टाकलं तर लग्नं बंद, पंगत बंद, मेल्यावर खांदा द्यायला माणूस नाही, बायकोला पाणवठ्यावर बोलणं बसणार, बहिणीचं ठरलेलं मोडणार. आणि तरी ही पोरं दार लावून, आवाज खाली ठेवून, तो घास घेत होती. मला त्यांच्याबद्दल खरंच खूप प्रेम वाटतं. त्यांची जाणीव बदललेली होती यात मला जराही शंका नाही, पोटातून बदललेली होती, शब्दशः. पण सगळं गुप्त. सभा गुप्त, सभासदांची नावं गुप्त. आणि 1860 साली सभासदांची यादी चोरीला गेली, नावं बाहेर फुटली, आणि मंडळी मोडली. संपलं. जे दहा-अकरा वर्षं आत तेवलं ते एका कागदाने विझलं, कारण बाहेरच्या कुणी ते कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे त्यांच्या बाजूने उभं राहायलाही कुणी नव्हतं.

पुढे 1867 मध्ये याच दादोबांचे भाऊ, डॉक्टर आत्माराम पांडुरंग, यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज निघाला, आणि तो उघड होता, म्हणून टिकला, म्हणून आज स्टॉपला नाव आहे. जाता जाता सांगतो, हे आत्माराम पांडुरंग म्हणजे 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी एक. प्रार्थनेइतकंच पक्ष्या-प्राण्यांवर लक्ष असलेला माणूस! मला हे फार आवडतं, पण तो वेगळा विषय, त्यावर कधीतरी स्वतंत्र बोलू.

आणि त्याच सुमारास तिकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी काय केलं? 1868 मध्ये स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. घरचा हौद! लपवाछपवी नाही, यादी नाही, ज्याला बघायचं त्याने बघावं. 1873 मध्ये सत्यशोधक समाज निघाला त्याच्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट, म्हणजे संस्था नंतर, हौद आधी. मंडळींचा पाव आणि जोतीरावांचं पाणी, आतली श्रद्धा मला सारखीच वाटते, पण पाणी पिणाऱ्याला शेजाऱ्याने पाहिलं आणि पाव खाणाऱ्याला कुणीच पाहिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल हे दीडशे वर्षांपूर्वीचं. मी राहतो त्या बिल्डिंगमध्ये लिफ्टशेजारी बोर्ड आहे, की घरकामाच्या बायका आणि डिलिव्हरीवाल्यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी. आणि सर्व्हिस लिफ्ट महिन्यातले निम्मे दिवस बंद. आमच्या मजल्यावर येणाऱ्या एक मावशी आहेत, गुडघे गेलेत बिचारीचे, त्या कठडा धरून धरून नऊ मजले चढतात आणि शेजारी मोठी लिफ्ट रिकामी वरखाली जाते. हे बघून माझ्या पोटात कालवतं, आजही. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. आता ही सगळी चांगली माणसं हो, मी मनापासून सांगतो, कोविडमध्ये याच लोकांनी एकमेकांच्या दाराबाहेर डबे ठेवलेत, यातले कितीतरी रोज पहाटे उठून ध्यान करतात. पण विषय निघाला की मेंटेनन्स, सिक्युरिटी, रुल, भाडेकरू, कुत्रे, सगळं निघालं आणि मावशी राहिल्या बाजूला. ठराव काही झाला नाही.

झालं ते वेगळंच. चौथ्या मजल्यावरचे एक रिटायर्ड काका, मीटिंगमध्ये एक अक्षर बोलले नव्हते, ते दुसऱ्या दिवसापासून सकाळी खाली जाऊन उभे राहायला लागले आणि मावशी आल्या की 'चला ताई' म्हणून आपल्याबरोबर मोठ्या लिफ्टमध्ये. नऊ दाबायचं, वर सोडायचं, मग चारवर परत. सगळ्यांसमोर. सुरुवातीला लिफ्टमध्ये जी शांतता व्हायची ती मी अनुभवलीय. मग सातव्यावरची एक कॉलेजची मुलगी त्यांच्यासाठी दार धरून थांबायला लागली. मग कुरिअरच्या पोराला कुणीतरी 'ये ये आत' म्हणालं. बोर्ड अजून तिथेच आहे पण तो आता बऱ्याच जणांना दिसत नाही. मी मीटिंगमध्ये इतकं बोललो त्याने एक मन हललं नाही आणि काकांनी न बोलता अर्धी बिल्डिंग हलवली, याला मी जाणिवेचा प्रसार म्हणतो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच! बरं, मग जे मुख्य सांगायचं कबूल केलं होतं ते भरभर सांगतो.

एक, एकत्वाचा अनुभव कुणालाही येऊ शकतो. अपोलो 14 चा अंतराळवीर एडगर मिचेल, फेब्रुवारी 1971, चंद्रावरून परतताना यान स्वतःभोवती फिरतंय आणि खिडकीतून आळीपाळीने पृथ्वी, चंद्र, सूर्य, आणि त्याला आतून जाणवलं की माझं शरीर, हे यान, बाजूचे सोबती, सगळ्यांचे कण जुन्या ताऱ्यांत घडलेत, वेगळं काहीच नाही. शिकलेला इंजिनियर माणूस, पण त्याने हे दडपलं नाही, जुन्या ग्रंथांत शोधत सविकल्प समाधीपर्यंत आला, म्हणजे 'मी' वेगळा जाणवतो तरी सगळं एकच आहे असं दिसतं ती अवस्था, 1973 मध्ये जाणिवेच्या अभ्यासाची संस्था काढली, आणि 2016 मध्ये जाईपर्यंत बोलत राहिला.

पण नुसता अनुभव पुरत नाही. 26 जुलै 2005 आठवा, सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस, गळ्याइतक्या पाण्यात अनोळखी माणसं हात धरून चालली, लोकांनी घरं उघडली, जात-धर्म कुणी विचारला नाही. ती जाणीव खरी होती! मग पाणी ओसरल्यावर ती गेली कुठे? आपण तिला संकटापुरती मानली, रोजची केली नाही. रोजची करायला सराव लागतो. आपली वारी बघा, वारकरी एकमेकांना 'माऊली' म्हणून पाया पडतात, वय-जात न बघता, आषाढीला वडाळ्याच्या देवळाबाहेरही बघायला मिळतं, हा शरीराचा सराव आहे, वाकल्यावर मन मागून येतं. आणि तरीसुद्धा पंढरपूरच्या देवळाचं दार दलितांसाठी बंदच होतं, चोखोबांची समाधी बाहेर, त्यासाठी साने गुरुजींना मे 1947 मध्ये प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं. वाटेवर आलेली समता दाराशी थांबली होती, ती आत न्यायला पुन्हा एक उघड कृतीच लागली.

आणि सरावाचं दुसरं, मैत्रीभावना. इगतपुरीला विपश्यनेचं शिबिर केलेले इथे असतील, हात वर करा, बघा किती आहेत. दहा दिवसांच्या शिबिरात मैत्री शिकवतात ती दहाव्या दिवशी, आणि मौनही त्याच दिवशी सुटतं. म्हणजे सगळ्यांचं भलं होवो असं मनात म्हणायचं आणि लगेच समोरच्या माणसाशी बोलायचं! मला तर ही रचनाच फार मोठी वाटते. घरी करणार असाल तर पारंपरिक क्रम असा, आधी स्वतः, मग जवळचा माणूस, मग ज्याचं आपल्याला ना सुख ना दुःख असा, मग ज्याच्याशी पटत नाही तो, मग सगळे. खरा कस तिसऱ्याला लागतो, कारण मुंबईत आपलं आयुष्य या तिसऱ्या माणसांच्या गर्दीतच जातं, वॉचमन, लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा म्हणून टेकलेला, पार्सल आणणारा. त्यातला एक जण निवडा, रोज त्याच्यासाठी बसा, आणि दिवसभरात त्याच्याशी उघडपणे, सगळ्यांना दिसेल असं, काहीतरी चांगलं वागा. दोन्ही करा, एक सोडू नका.

हॉल साडेआठला बंद करायचाय म्हणतात, प्रश्न राहिले असतील त्यांनी खाली गेटपाशी या, मी थांबतोय.