रॉक अल्बमचा खोका आणि गोव्याचा पावसाळा

नमस्कार श्रोतेहो.

फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या सुरश्री केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, हे गोव्यात बहुतेकांनी ऐकलेलं असतं. सोन्याचा मुलामा दिलेल्या त्याच तांब्याच्या तबकडीवर चक बेरी यांचं ‘जॉनी बी. गुड’ हे रॉक अँड रोल गाणंही आहे. आज मला बोलायचं आहे ते मात्र त्या तबकडीच्या झाकणाविषयी, आणि त्या निमित्तानं रॉक अल्बमच्या वेष्टनांविषयी.

झाकण अ‍ॅल्युमिनियमचं आहे. सुई कुठे ठेवायची, तबकडी किती वेगानं फिरवायची, तिच्यात साठवलेली चित्रं कशी काढायची आणि ही वस्तू आली कुठून, हे सगळं त्यावर नुसत्या रेषांनी कोरलेलं आहे. एका फेऱ्याला 3.6 सेकंद लागतात. पण आपला सेकंद परक्याला काय कळणार? म्हणून हायड्रोजनच्या अणूवरून काढलेलं कालमान वापरलं. झाकणावर युरेनियमचा एक लहानसा थर आहे. त्यातलं किती उरलं ते मोजलं, की यान निघून किती काळ लोटला याचा हिशेब लागतो. ऐकणारा कोण असेल याचा पत्ता नाही, त्याला आपली एकही भाषा येणार नाही, तरी झाकण हातात आल्यावर त्याला गाणं ऐकता यावं, एवढा विचार त्यात आहे. माझा व्यवसाय ग्राफिक डिझाइनचा, उठणं-बसणं छापखान्यात. अल्बमच्या वेष्टनानं एवढं नेमकं काम केलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

चाळीस वर्षांनी, 2017 मध्ये, त्या तबकडीचा संग्राहकांसाठी बॉक्स सेट निघाला. त्यात सोनेरी रंगाच्या तीन एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड, आणि एक पुस्तक होतं. 2018 च्या ग्रॅमी पुरस्कारांत बॉक्स सेट आणि मर्यादित आवृत्तीच्या वेष्टनासाठी असलेला पुरस्कार त्यालाच मिळाला. जगभरातले रॉक बँड आपापल्या कलेक्टर्स एडिशन घेऊन याच पुरस्काराच्या रांगेत उभे असतात.

गाणी फोनवर मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. आपल्याकडे पोथी रुमालात बांधून ठेवत. गाठ सोडायची, रुमाल उलगडायचा, फळी बाजूला ठेवायची आणि मग पहिलं पान. तेवढ्या वेळात वाचणारा सावरून बसायचा. चांगल्या अल्बमचा खोका हेच करतो. तो हाताला थोडा वेळ थांबवतो आणि कानाला तयार करतो.

सुरुवातीला रेकॉर्ड साध्या तपकिरी कागदात यायच्या. अमेरिकेतल्या कोलंबिया रेकॉर्ड कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकारानं 1940 च्या सुमारास पुठ्ठ्यावर चित्र छापायचा आग्रह धरला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. 1967 मध्ये बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’च्या मागच्या बाजूला गाण्यांचे शब्द छापले गेले. 1970 च्या ‘लेड झेपेलिन थ्री’च्या पुठ्ठ्यात फिरवायचं चाक होतं. ते फिरवलं, की भोकांतून वेगवेगळी चित्रं दिसायची.

पण मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो ती गोष्ट रोलिंग स्टोन्सच्या ‘स्टिकी फिंगर्स’ची. साल 1971. मुखपृष्ठावर जीन्सचा फोटो आणि त्यात खरीखुरी, उघडणारी धातूची चेन. कल्पना चित्रकार अँडी वॉरहॉलची, ती प्रत्यक्षात उतरवली डिझायनर क्रेग ब्रॉन यांनी. दिसायला अप्रतिम. प्रती एकावर एक रचून रवाना झाल्या आणि चेनचा लोलक शेजारच्या रेकॉर्डवर दाबला जाऊन खड्डा पडायला लागला. सुई तिथं आली की गाणं बिघडायचं. मग तोड निघाली ती अगदी साधी. पॅक करताना चेन अर्धवट उघडी ठेवायची. लोलक खाली सरकून रेकॉर्डच्या मधोमध येतो, म्हणजे लेबलवर, आणि तिथं खाचा नसतात. दाब तोच, वजन तेच, फक्त जागा बदलली. डिझाइन म्हणजे काय, हे मला या अर्धवट उघड्या चेनमध्ये जितकं दिसतं तितकं मोठमोठ्या व्याख्यानांत दिसत नाही.

धातूचा मोह रॉकवाल्यांना पहिल्यापासून. स्मॉल फेसेस या बँडनं 1968 मध्ये तंबाखूच्या डब्यासारखा गोल डबा काढला. 1979 मध्ये पब्लिक इमेज लिमिटेडनं तीन रेकॉर्ड फिल्मच्या रिळाच्या डब्यात घातल्या. डबा देखणा, पण रेकॉर्ड आत इतक्या घट्ट बसायच्या की काढताना चरे पडण्याची धास्ती. टूल या अमेरिकन बँडनं तर 2019 मध्ये ‘फिअर इनॉक्युलम’च्या सीडीच्या वेष्टनात चार इंची पडदा, स्पीकर आणि चार्जिंगची वायर दिली. मला ते पटत नाही. बॅटरी काही वर्षांत थकणारच, आणि मग उरणार तो मुका पडदा. त्याच बँडनं 2006 च्या ‘10,000 डेज’च्या वेष्टनात दोन भिंगं बसवली होती. त्यांतून पाहिलं की आतली चित्रं खोलीसकट दिसतात. भिंगाला वीज लागत नाही. पन्नास वर्षांनी कुणाच्या नातवानं ते उघडलं तरी चित्र दिसेल. माझं मत त्या भिंगांच्या बाजूनं.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. इथला एखादा तरुण बँड हौसेनं एलपी काढायला निघतो, दोनशे-तीनशे प्रतींचा बेत असतो, आणि माझ्यापुढं मागण्यांची यादी येते: लाकडी पेटी, आत काळं मखमल, वर सोनेरी फॉइल. मी त्यांना विचारतो, जुलैत ही कुठे ठेवणार? पावसाळ्यात आपल्या हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. काळ्या मखमलीवर पांढरी बुरशी आठवड्याभरात उठून दिसते. लाकूड फुगतं आणि झाकण अडकतं. मी कप्पा बोर्डच सुचवतो, म्हणजे बाइंडर वह्यांच्या आणि फाइलींच्या पुठ्ठ्याला वापरतात तो करडा बोर्ड. पण तोही नीट समजून घ्यायला हवा.

म्हापशाला एका बाइंडरच्या टेबलाशी मी हे मुलांना दाखवतो. कागदाला ग्रेन असतो, म्हणजे त्यातले तंतू एका दिशेनं आडवे झालेले असतात. कागद त्या दिशेनं फाडला तर सरळ फाटतो, उलट्या दिशेनं फाडला तर वाकडातिकडा. त्यावर गोंद लागला की तो ओला होऊन फुगतो, तोही ग्रेनला आडव्या दिशेनं. वाळला की आकसतो आणि चिकटलेल्या बोर्डाला आपल्याबरोबर ओढतो. संध्याकाळी टेबलावर सपाट दिसलेलं झाकण सकाळी होडीसारखं वाकलेलं असतं ते यामुळे. उपाय दोन. वरच्या कागदाचा आणि बोर्डाचा ग्रेन एकाच दिशेला ठेवायचा. आणि आतल्या बाजूनंही तेवढ्याच वजनाचा कागद चिकटवायचा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. मग वजनाखाली ठेवून पूर्ण सुकू द्यायचं. पावसात इथंच घाई होते, कारण कार्यक्रमाची तारीख जाहीर झालेली असते. खळ वापरली तर कसर लागते, म्हणून गोंद चांगला घ्यायचा. चार पैसे वाचवायचे असतील तर फॉइलवर वाचवा, गोंदावर नको.

रेकॉर्ड ठेवायच्या आतल्या पिशवीबद्दल मी जरा जास्तच काटेकोर आहे. मऊ, जाड पीव्हीसीची पिशवी दिसायला छान, पण उन्हाळ्यात तिच्यातल्या रसायनाचा अंश सुटतो आणि व्हिनाइलवर, म्हणजे रेकॉर्डवर, धूसर डाग धरतो. तो डाग निघत नाही. पातळ पॉलिथीनचं अस्तर लावलेली कागदी पिशवी घ्यावी. आणि कुरिअरनं पाठवताना रेकॉर्ड मुखपृष्ठाच्या पुठ्ठ्यातून काढून त्याच्या मागे ठेवावी. आतच राहिली, तर प्रवासातल्या धक्क्यानं ती पुठ्ठ्याची कड फाडते आणि संग्राहकाला पार्सल उघडताच पहिल्यांदा दिसते ती चीर.

एवढ्या कमी प्रतींना ऑफसेटपेक्षा स्क्रीन प्रिंटिंग परवडतं, आणि शाईचा जाड थर बोटाला जाणवतो. लग्नपत्रिका छापणारे आपले कारागीर यात तयार आहेत. बाहेरून आणण्याची गरज नाही.

शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी 1984 मध्ये ‘गोवन क्रेझी’ घरीच रेकॉर्ड केला. वाद्यं स्वतः वाजवली, कव्हर स्वतः केलं, आणि कॅसेट स्कूटरवरून दुकानोदुकानी नेऊन दिल्या. मुंबईत आर्किटेक्चर शिकलेला माणूस कॅसेटच्या तळहाताएवढ्या कार्डावर काम करत होता. ज्यांना आज पैशांची अडचण वाटते त्यांनी ते कार्ड जरूर पाहावं.

आणि शेवटी आतल्या पुस्तिकेबद्दल. बँड कोंकणीत गात असेल तर शब्द देवनागरीत आणि रोमी, म्हणजे रोमन, लिपीतही छापावेत. दोन्ही लिप्या वाचणारी घरं गोव्यात आहेत, आणि पुस्तिकेत त्यासाठी चार पानं वाढली तर बिघडत नाही. दुसरी गोष्ट मला फार जवळची आहे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट अशा कितीतरी गोवेकरांनी मुंबईच्या सिनेसंगीतासाठी सूर लिहिले आणि वाजवले, पण रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांना क्वचितच जागा मिळाली. घरोघरी ती गाणी वाजत होती आणि व्हायोलिन कुणाचं, ट्रम्पेट कुणाचं, हे सांगायला पुठ्ठ्यावर एक ओळही नव्हती. तेव्हा बेस कुणी वाजवला, ध्वनिमुद्रण कुठल्या वाड्यावर झालं, कोरसला कोण कोण होतं, चित्र कुणाचं, स्क्रीन कुणी ओढला आणि खोका कुणी चिकटवला, ही सगळी नावं पुस्तिकेत यायला हवीत, आणि चष्म्याशिवाय वाचता येतील एवढ्या मोठ्या टाइपात.

नमस्कार.