पायाशेजारचे फ्लायव्हील

पडद्यावर दिसते आहे ती सुट्या भागांपासून जुळवल्या जाणाऱ्या दोन आसनी गाडीची चौकट. इंजिन व्ही-8 आहे, शक्ती चारशे अश्वशक्तीच्या पुढची आहे आणि वजनाचा तोल साधण्यासाठी ते शक्य तितके मागे सरकवलेले आहे. त्यामुळे क्लच आणि फ्लायव्हील (इंजिनाच्या क्रँकशाफ्टला, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याला, जोडलेले जड चाक) झाकणारे बेल हाउसिंग चालकाच्या पावलांच्या अगदी शेजारी येते. मधे उरतो तो अ‍ॅल्युमिनियमचा हा पातळ पत्रा, जो कारागीर आता बोटाने दाबून दाखवत आहे.

33 सेंटिमीटर व्यासाचे फ्लायव्हील मिनिटाला 7000 फेऱ्यांनी फिरते, तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे 435 किलोमीटर असतो. फेऱ्या दुप्पट झाल्या की त्यात साठलेली ऊर्जा चौपट होते. क्लच घसरून तापलेल्या जुन्या बिडाच्या फ्लायव्हीलला बारीक तडे जातात आणि घाईत चुकून खालचा गिअर पडला तर चाकेच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात आणि तडे गेलेले फ्लायव्हील फुटू शकते. अशा वेळी फेऱ्या रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा काहीही करू शकत नाही, कारण ती इंजिनाची शक्ती तोडते, चाकांची नाही.

8 मार्च 1970 रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर शर्यतपटू डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरचा (छोट्या सरळ पट्ट्यावरच्या वेगशर्यतीच्या गाडीचा) गिअरबॉक्स शर्यत सुटतानाच फुटला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग तुटला. तेव्हाच्या रचनेत चालक इंजिनाच्या मागे, फिरत्या भागांना जवळजवळ कवेत घेऊन बसत असे. पुढच्याच हंगामात गार्लिट्स इंजिन पाठीमागे ठेवलेली गाडी घेऊन उतरले आणि त्या स्पर्धेची मांडणीच पालटली. आपल्या चौकटीत इंजिन चालकाच्या पाठीमागे नेण्याची सोय नाही, म्हणून प्रश्न उरतो तो कवचाचा, म्हणजे बेल हाउसिंगचा.

मूळ बेल हाउसिंग बहुधा ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे असते. ते हलके असते आणि गिअरबॉक्स नीट पेलते, पण आतून तुकडा आदळला तर स्वतःच फुटून तुकड्यांत भर घालते. पोलाद फाटण्याआधी ताणले जाते आणि त्या ताणण्यातच बरीचशी ऊर्जा जिरते. लेकवुड या ब्रँडची हाउसिंगे पोलादी पत्र्याला द्रवदाबाने आकार देऊन बनतात, तर क्विक टाइम या ब्रँडची पत्रा साच्यासह फिरवून, रोलरने दाबून घडवली जातात. निवडताना एसएफआय (शर्यतीच्या साहित्याची सुरक्षा मानके ठरवणारी अमेरिकी संस्था) 6.1 प्रमाणपत्राची पट्टी आहे का ते पाहावे, आणि आतले फ्लायव्हील व क्लचही एसएफआय 1.1 किंवा 1.2 दर्जाचे असावेत. बिडाचे जुने फ्लायव्हील नव्या कवचात बसवणे आम्हाला मान्य नाही. पोलादाचे वजन आणि किंमत अधिक असते, हे खरे.

आता हे दृश्य नीट पाहा. क्लच काढून, बारीक फरक मोजणाऱ्या डायल गेजचा चुंबकी पाया फ्लायव्हीलवर बसवला आहे आणि गेजचे टोक हाउसिंगच्या मागील गोल छिद्राच्या आतल्या कडेला टेकले आहे. क्रँकशाफ्ट हाताने एक पूर्ण फेरा फिरवल्यावर काट्याने 0.50 मिलिमीटरचा फरक दाखवला. छिद्राचा मध्य क्रँकशाफ्टच्या मध्यापासून किती सरकला आहे हे कळण्यासाठी हा आकडा निम्मा करायचा, म्हणजे 0.25. साधारणपणे गेजवरचा फरक 0.25 मिलिमीटरपर्यंतच चालतो, त्यामुळे हाउसिंगची जागा पक्की करणाऱ्या साध्या डॉवेल पिना काढून मध्य 0.18 मिलिमीटर बाजूला असलेल्या विकेंद्री पिना योग्य दिशेने बसवल्या. उरलेली चूक 0.07 आणि गेजवरचा फरक 0.14. बोल्ट आवळून पुन्हा घेतलेले मापही तेच आले. हे न करता जोडणी केली तर बेअरिंग लवकर झिजते आणि गिअर अडकतात.

पुढील तपासण्या झटपट होतात: हाउसिंगची खोली गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या लांबीशी जुळते का, स्टार्टरचे दात फ्लायव्हीलच्या दातांत पुरेसे शिरतात का, आणि इंजिनाकडील तोंड बंद करणारी पोलादी प्लेट बसवली आहे का. इथे एक्झॉस्टचा पाइप हाउसिंगच्या कडेला घासतो आहे. ग्राइंडर हातात असला तरी हाउसिंगची कड कापायची नाही, कारण फेरफार झालेल्या कवचाचे प्रमाणपत्र ग्राह्य राहत नाही. पाइपच नव्याने वळवून घ्यायचा.