पैसे द्यायचेच, तर धावायचं कशाला?

मंडळी, नमस्कार. आपल्या मराठी मंडळाच्या समितीच्या बैठकीत एकाने सरळ विचारलं, "कर्करोग संशोधनाला मदतच करायची ना? मग घरबसल्या पैसे भरतो. सप्टेंबरातल्या थंड रविवारी टेरी फॉक्स रनला यायचं कशाला?" टेरी फॉक्स रन म्हणजे टेरीच्या नावाने कर्करोग संशोधनासाठी निधी जमवणारी दौड. प्रश्न रास्त आहे.

टेरी फॉक्स हा कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला मुलगा. १९७७ साली हाडाच्या कर्करोगाने उजवा पाय गेला. १२ एप्रिल १९८० ला, एकविसाव्या वर्षी, कृत्रिम पायाने तो कर्करोग संशोधनासाठी पैसे जमवायला कॅनडाच्या पूर्व टोकाच्या सेंट जॉन्सहून धावत निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन! १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर कापल्यावर ओंटारियो प्रांतातल्या थंडर बे शहराजवळ थांबावं लागलं. आजार फुप्फुसांत पोचला होता. पुढच्या जूनमध्ये तो गेला. त्याने प्रत्येक कॅनेडियनाकडे किती मागितलं होतं? एक डॉलर. कुणा एका धनिकाने सगळ्यांच्या वाटची रक्कम एकट्यानेच दिली असती, तर देशाने टेरीला पाहिलंच नसतं.

म्हणून या दौडीत प्रवेशशुल्क नाही, वेळ मोजत नाहीत, पहिला-दुसरा नंबर नाही. तुमचं काम धावण्याच्या आधीच सुरू होतं: ओळखीच्यांकडे पैसे मागणं.

वर्गणीचं पुस्तक घेऊन दार वाजवण्यात आपला हात कोण धरणार? पण ती दारं आपल्याच माणसांची असतात. समोरच्या घरातल्या कॅनेडियन आजोबांकडे आपण मागतो का? इथे वर्षानुवर्षं राहून आपण शेजाऱ्यांशी हवामान आणि बर्फ यांपलीकडे फारसं बोलत नाही. मागायला गेलात की ते विचारतात, "कुणासाठी धावताय?" आणि मग आपल्याला घरातलं नाव सांगावं लागतं. आपल्याकडे कर्करोगाचा उच्चारही टाळायची सवय; 'तो आजार' म्हणायचं आणि विषय बदलायचा. समोरचा मात्र सहज सांगून टाकतो की त्याची बायको त्याच आजाराने वारली. ऑनलाइन पैसे भरताना हे बोलणं होत नाही.

दिखाऊपणाही असतो, तो नाकारत नाही. टी-शर्ट, सेल्फी, मग बटाटेवडे. मुंबई मॅरेथॉनच्या ड्रीम रनमध्येही, म्हणजे हौशी लोकांच्या छोट्या दौडीतही, हौसेने मिरवणारे कमी नसतात. तरी तिथून संस्थांना खरा निधी मिळतोच. माझी हरकत एवढीच: मंडळाचा फलक धरून आपलाच घोळका करू नका. विखरून चाला, अनोळखी माणसाबरोबर चाला.

हो, चाललं तरी चालतं. बाबागाडीतल्या नातवंडांना आणि गुडघे दुखणाऱ्यांनाही मुभा आहे. नोंदणीची वही चहाच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. नाव लिहाल तेव्हा शेजारच्या रकान्यात, मराठी नसलेल्या कोणत्या तिघांकडे मागणार, तेही लिहा.