रस्ता बरोबर असतो, घड्याळ चुकतं

नमस्कार मंडळी. विषय ठरलाय हौशी धावपटूचं एक वर्ष, म्हणजे ट्रेनिंग कसं केलं, रेस कशा झाल्या वगैरे. ते सगळं सांगणारच आहे, पण आधी एक वेगळीच गोष्ट काढते, कारण इतके धावणारे एका हॉलमध्ये मला परत कधी मिळतील कोण जाणे. शेवटच्या रेसमध्ये जीपीएसच्या घड्याळात अंतर जास्त आलं असं कोणाकोणाचं झालं, हात वर करा बघू. जवळजवळ सगळेच! आता त्यातल्या किती जणांनी घरी जाऊन सांगितलं की रूट चुकीचा मोजलाय? हं, हसताय म्हणजे उत्तर मिळालं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर वेळ कमी पडला तरी तुमच्यापर्यंत पोचलेलं असेल. हौशी धावपटूनं अंतरासाठी रस्त्यावरच्या किलोमीटरच्या बोर्डावर विश्वास ठेवावा आणि मेहनत किती होतेय यासाठी स्वतःच्या श्वासावर. मनगटावरच्या आकड्याचा नंबर त्यानंतर. मी गेलं वर्षभर असंच धावले आणि मला ते इतकं पटलंय की आता दिसेल त्याला सांगत सुटते.

तर झालं असं, वर्षातली पहिली हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटरची, संपली, मी मेडल गळ्यात घालून पाणी पीत उभी होते आणि शेजारी दहाबारा जणांचा घोळका एका वयस्कर माणसाभोवती जमलेला. प्रत्येकजण मनगट त्यांच्या तोंडासमोर धरतोय, "काका, हे बघा, २१.४, तीनशे मीटर जास्त धावायला लावलंत, माझा पीबी, आजवरची सर्वात चांगली वेळ, गेला तुमच्यामुळे." एकानं तर पैसे परत मागितले. त्या काकांनी रूट मोजला होता. ते शांतपणे एवढंच म्हणत होते, "मी मोजलंय हो, दोनदा मोजलंय," आणि कोणी ऐकत नव्हतं. संध्याकाळी आयोजकांनी त्यांना साधं विचारलंसुद्धा नाही आणि रूट थोडा लांब झाल्याबद्दल दिलगिरी टाकून मोकळे झाले. मला याचा इतका राग आला, अजून येतो. ज्या माणसाचं काम बरोबर आहे त्याच्या वतीनं माफी मागायची, ती पण त्याला न सांगता!

मी त्यांना शोधून काढलं आणि म्हटलं, पुढचा रूट मोजाल तेव्हा मला घेऊन चला. ते लगेच हो म्हणाले.

मोजणी रात्री असते, ट्रॅफिक नसतं तेव्हा. तिथे गेल्यावर मला वाटलं आता निघायचं, पण पहिला बराच वेळ सायकलवर कोणी बसलंच नाही. आधी एका सरळ रस्त्यावर स्टीलची टेप लावून तीनशे मीटर मोजले, टेपच्या टोकाला स्प्रिंगचा काटा लावून ठरलेल्या ताणानं ओढून, आणि शेजारी थर्मामीटर ठेवलेला, कारण स्टील गरम झालं की लांबतं आणि टेप वीस डिग्रीला बरोबर असते, म्हणून त्याची दुरुस्ती करायची. मग दोन्ही टोकांना खिळे ठोकले आणि काका तेवढ्या पट्ट्यात सायकलनं चार फेऱ्या मारून आले. पुढच्या चाकाला एक छोटा काउंटर असतो, जोन्स काउंटर म्हणतात त्याला, चाक फिरलं की आकडा पुढे सरकतो, एका किलोमीटरला साधारण अकरा हजार आकडे. म्हणजे एक आकडा नऊएक सेंटीमीटरचा! प्रत्येक फेरीनंतर काका टॉर्च तोंडात धरून वहीत पेन्सिलीनं आकडा लिहायचे, आणि चार फेऱ्यांमध्ये दोनतीन आकड्यांचा जरी फरक आला तरी कपाळाला आठी. सगळा रूट झाल्यावर पहाटे परत त्याच पट्ट्यावर चार फेऱ्या, कारण मधल्या वेळात टायरमधली हवा गरम-गार झालेली असते आणि चाकाचा घेर बदललेला असतो.

आणि मोजायचं कसं, तर शक्य तेवढ्या सगळ्यात जवळच्या रेषेनं, वळणावर आतल्या कडेपासून तीस सेंटीमीटरवर, आणि एका वळणाकडून उलट्या बाजूच्या वळणाकडे जाताना रस्त्यातून सरळ तिरकं. एवढं करून वर प्रत्येक किलोमीटरला एक मीटर मुद्दाम जास्त धरतात, एक हजारांश, म्हणजे चुकून कुठे काही राहिलं तरी रूट कमी भरू नये. हाफला साधारण २१ मीटर, फुलला ४२. ही सायकलची पद्धत १९६१ मध्ये इंग्लंडच्या जॉन ज्युएल यांनी व्यवस्थित मांडली आणि आजही मोठ्यातली मोठी मॅरेथॉन अशीच मोजतात. इतके उपग्रह वर फिरत असताना!

आता घड्याळाचं बघा. ते उपग्रहांच्या सिग्नलवरून दर सेकंदाला वगैरे एक ठिपका टाकतं आणि ठिपके जोडून लांबी काढतं. प्रत्येक ठिपका खऱ्या जागेपासून दोनचार मीटर इकडेतिकडे. चुका दोन्ही बाजूंना होतात, मग एकमेकींना मारून टाकतील असं वाटतं ना? पण सरळ रेषेच्या डावी-उजवीकडे पडलेले ठिपके जोडले की रेष वाकडीतिकडी होते, आणि वाकडी रेष सरळ रेषेपेक्षा लांबच भरते. त्यात उंच इमारती आल्या की सिग्नल भिंतींवर आपटून येतो, बोगद्यात तर नुसता अंदाज. आणि आपण पण त्या तीस सेंटीमीटरच्या रेषेवर कुठे धावतो, पाण्याच्या टेबलाकडे जातो, लोकांना ओलांडतो, वळण बाहेरून घेतो. सहा मीटर रुंद रस्त्यावर एक काटकोनी वळण आतल्या कडेऐवजी बाहेरच्या कडेनं घेतलं की नऊ मीटरपेक्षा जास्त धावावं लागतं. अशी वीस वळणं धरा, १९० मीटरच्या आसपास गेले. त्या दिवशीचे काकांचे तीनशे मीटर कुठून आले, कळलं ना.

रूट कधी चुकतच नाहीत असं मी म्हणत नाही हां. १९८१ च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये अल्बर्टो सालाझार २:०८:१३ मध्ये आला, जगातली सर्वात वेगवान वेळ म्हणून जाहीर झाली, आणि पुढे मोजल्यावर रूट दीडशेएक मीटर कमी निघाला. मँचेस्टरची मॅरेथॉन २०१३ ते २०१५ तीन वर्षं ३८० मीटर कमी होती, हजारो लोकांच्या वेळा रद्द झाल्या, किती वाईट वाटलं असेल त्यांना. पण असं प्रकरण मिटवायचं तर कोणी हजार घड्याळांची सरासरी काढत बसत नाही, परत कोणीतरी सायकल घेऊन रात्री रस्त्यावर उतरतं.

तुम्ही म्हणाल दोनतीनशे मीटरनी आपल्याला काय फरक पडतो, आपण काय रेकॉर्ड करतोय का. पडतो! समजा तुम्हाला फुल मॅरेथॉन, ४२.१९५ किलोमीटर, चार तास पंधरा मिनिटांच्या आत करायचीय. घड्याळ बरोबर सहाचा पेस, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं, दाखवतंय, त्या हिशोबानं ४:१३:१० होतात, जवळजवळ दोन मिनिटं हातात आहेत म्हणून तुम्ही निवांत. पण घड्याळ एक टक्का जास्त मोजतंय, म्हणजे फिनिशला त्यात ४२.६ दिसणार, आणि सहाच्या पेसनं तिथे पोचायला ४:१५:४२ लागतात. बेचाळीस सेकंदांनी गेलं, वर्षभराची मेहनत करून. म्हणून ऑटो लॅप, म्हणजे घड्याळानं आपोआप किलोमीटर धरणं, बंद करा आणि किलोमीटरचा बोर्ड आला की स्वतः बटण दाबा. किंवा पाच-पाच किलोमीटरच्या वेळा हातावर पेननं लिहून न्या, मी तेच करते, घामानं पुसत नाही असं पेन घ्या फक्त.

चिठ्ठी आली, पंधरा मिनिटं राहिलीत. बरं. आता खरा विषय, भराभर सांगते.

अंतरापेक्षा मोठा घोटाळा मेहनतीच्या आकड्यांचा आहे. घड्याळ हार्ट रेटचे झोन, म्हणजे किती ठोक्यांना हलकं आणि किती ठोक्यांना जोराचं, देतं ते बहुतेक वेळा २२० वजा वय या हिशोबानं. पन्नाशीच्या माणसाला कमाल १७० येते, पण तो सरासरीचा आकडा, माणसामाणसात दहाबारा ठोक्यांचा फरक अगदी साधी गोष्ट आहे, म्हणजे कुणाचा १५८ असेल, कुणाचा १८२, आणि दोघांना घड्याळ सांगणार एकच झोन. मनगटावरचा सेन्सर तर कधीकधी ठोक्यांऐवजी पावलांचीच लय पकडून बसतो, ईझी रनला एकदम १७० दिसले की समजा. शिवाय उकाडा असला, झोप कमी झाली की तोच पेस जास्त ठोके मागतो.

म्हणून वर्षभर माझी मोजपट्टी एकच, बोलता येतंय का. ईझी रनला पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, सोबत कोणी असेल तर गप्पा, नसेल तर मी पाठ असलेलं काहीतरी मोठ्यानं म्हणते, लोक बघतात, बघू दे. टेम्पोला, म्हणजे दमवणाऱ्या पण टिकवता येणाऱ्या वेगाला, तीनचार शब्द तुटक तुटक निघावेत. इंटरव्हलला, म्हणजे थोडं थोडं अंतर जोरात आणि मध्ये विश्रांती, बोलायची इच्छाच होऊ नये. आठवड्यातलं बहुतेक सगळं धावणं पहिल्या प्रकारचं, जोराचं फार तर दोनदा, लाँग रन पण बोलतच. हे काही मी काढलेलं नाही, न्यूझीलंडचे कोच आर्थर लिडियार्ड हेच शिकवायचे, आधी महिनोन्‌महिने भरपूर अंतर, दमछाक न करता, वेगाचं काम नंतर. त्यांचा पीटर स्नेल तर ८०० मीटरचा धावपटू, दोन मिनिटांच्या आत संपणारी रेस, आणि लाँग रन ३५ किलोमीटरचा करायचा! १९६० ला रोम ऑलिम्पिकमध्ये गोल्ड घेतलं त्यानं, आणि त्याच दिवशी लिडियार्डांच्याच मरे हाल्बर्गनं ५००० मीटरचं.

हळू धावून फास्ट कसं व्हायचं, हा प्रश्न मला प्रत्येकजण विचारतो. स्नायूंमध्ये मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतले ऊर्जा बनवणारे भाग, वाढतात, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, शरीर चरबी जास्त वापरायला शिकतं, आणि हे सगळं घडवायला वेळ लागतो, पुष्कळ तास लागतात. तेवढे तास दमवणाऱ्या पेसनं घालता येत नाहीत, पाय टिकत नाहीत. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात, टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, मागून सावकाश येतात, म्हणून दम चांगला वाटायला लागल्यावर लगेच अंतर वाढवलं की पोटरी किंवा टाच बोलायला लागते. दर चौथ्या आठवड्याला मी अंतर कमी करत गेले, बरं वाटत असलं तरी. वर्षभरात एकदाही इंज्युरीमुळे धावणं थांबवावं लागलं नाही, आणि माझ्या मते माझी सर्वात मोठी कमाई हीच.

रेसचं. पहिले पाच किलोमीटर शेजारच्याशी वाक्य बोलता येईल इतकेच जोरात, लोक पुढे जातात, जाऊ द्यायचे. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेच्या इंधनाचा, साठा मर्यादित असतो, सुरुवातीला जोर केला की तो भराभर संपतो आणि तिसाव्या किलोमीटरच्या बोर्डानंतर जे होतं ते इथे बऱ्याच जणांना माहितीय. मॅरेथॉनचा २:००:३५ चा जागतिक रेकॉर्ड केल्व्हिन किप्टमनं २०२३ ला शिकागोमध्ये कसा केला होता बघा, पहिला अर्धा भाग ६०:४८, दुसरा ५९:४७. तो सुद्धा दुसरा अर्धा भाग जास्त जोरात धावला. खायचं तासाला तीसपासून साठ ग्रॅमपर्यंत कार्बोहायड्रेट, आणि लाँग रनमध्ये पोटाला सवय लावूनच, रेसच्या दिवशी नवीन काही नको. पाणी तहान लागेल तसं. प्रत्येक टेबलाला थांबून ढोसायचं नाही, २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ज्यांचं रक्त तपासलं त्यांच्यात तेरा टक्के लोकांचं सोडियम नॉर्मलच्या खाली उतरलेलं होतं, आणि जास्त पाणी पिणं हे त्यातलं मोठं कारण होतं. हळू धावणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं, आपण रस्त्यावर जास्त वेळ असतो, आपल्याला टेबलंही जास्त वेळ भेटतात.

माझी फुल अशीच झाली. घड्याळावर टेप चिकटवली होती, फक्त चालू वेळ दिसेल एवढी जागा ठेवून. तिसाव्या किलोमीटरला पेसरला, म्हणजे ठरलेल्या वेळेत सोबत नेणाऱ्या धावपटूला, विचारलं कसं वाटतंय, पूर्ण वाक्यात विचारता आलं, तेव्हाच मला कळलं आज जमणार. पस्तीसनंतर वाक्यं तुटायला लागली, चाळीसनंतर शब्द पण नाहीत, आणि ते तसंच हवं होतं. चार तास अकरा मिनिटं. दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा मिनिटभर लवकर.

दुसरी चिठ्ठी. टेपरचं राहिलं, ते एवढंच: शेवटचे दोनतीन आठवडे अंतर कमी करा, थोडं जोराचं काम ठेवा, आणि पाय जड वाटले तरी घाबरून जास्तीचा लाँग रन मारू नका. आणि तुमच्या पुढच्या रेसला सायकलवाले कोणी काका किंवा ताई फिनिशला उभे दिसले तर त्यांच्याकडे त्यांची वही मागा, आनंदानं दाखवतात. चला, प्रश्न घेऊया, मागून सुरू करू, तुमचा हात केव्हाचा वर आहे.