फॉरमॅट मारण्याआधी

(सोलापुरातील लघुउद्योजक आणि कॉम्प्युटर दुरुस्ती करणारी मुलं यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मे महिन्यात दुपारी चारला सभा ठेवायची म्हणजे संयोजकांचं धाडसच. मागच्यांना पंखा लागतोय ना? मग सुरू करतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे. त्यांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर रोज दुपारी निळा पडायचा, म्हणजे निळा पडदा दाखवून बंद पडायचा. मालक म्हणाले, "सकाळभर झकास चालतो, आम्ही जेवून आलो की मेलेला असतो बघा." ऊन, धूळ, व्होल्टेज, सगळ्यांवर आळ घेऊन झाला होता. यूपीएस बदलला, एसी बसवला, दोनदा फॉरमॅट मारला. फॉरमॅटनंतर दोन दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच.

निळ्या पडद्यावर काय लिहून येतं ते मात्र कुणी वाचलं नव्हतं. लिहिलेलं असायचं 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर'. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, वायफाय असल्या एकेका उपकरणाला विंडोजशी जोडून देणारा छोटा प्रोग्रॅम. सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरात 'मिनीडम्प' नावाचं एक फोल्डर असतं. कॉम्प्युटर कोसळताना शेवटची स्थिती तिथं लिहून ठेवतो, पंचनामाच म्हणा. तिथं सात फायली होत्या आणि सातही उघडल्यावर बोट एकाकडेच जात होतं: वायफायच्या यूएसबी डोंगलचा ड्रायव्हर, फाइलवर तारीख २००९ ची. मंडळी जेवायला गेली की कॉम्प्युटर झोपायच्या तयारीला लागायचा. विंडोज प्रत्येक ड्रायव्हरला सांगतं, आवरा आता. बाकीचे आवरायचे, हा उत्तरच द्यायचा नाही. वाट बघून बघून विंडोज सगळंच थांबवायचं.

त्या डोंगलचा सुधारलेला ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून केव्हाच येऊन पडला होता. पण ऑफिसातल्या मुलानं अपडेट बंद करून ठेवलेलं, का तर 'अपडेट केलं की बिघडतं'. आणि प्रत्येक फॉरमॅटनंतर ड्रॉवरमधली जुनी सीडी काढून तोच २००९ चा ड्रायव्हर इमानदारीनं परत घालायचा. ती सीडी मी मागून घेतली, अजून माझ्याकडे आहे.

आता हा निळा पडदा म्हणजे नेमकं काय? तुमच्यातले निम्मे लोक मागावर वाढलेत, त्यांना सांगायला नको. ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक धागा तुटला की त्याच्यावरची पत्री खाली पडते आणि माग उभा राहतो. माग बिघडला म्हणून थांबत नाही, कापड बिघडू नये म्हणून थांबतो. विंडोजचंही तसंच. ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, तिच्याच अधिकारानं. तुमचा हिशेबाचा टॅली गडबडला तर विंडोज त्याला एकट्याला बंद करतं. ड्रायव्हरनं मेमरीत भलत्याच जागी लिहिलं, तर पुढं कोणाच्या डेटावर लिहील याचा नेम नाही. म्हणून सगळंच थांबवायचं. शिव्या मात्र विंडोजला बसतात, कारण पडद्यावर तोंड त्याचं दिसतं. २००३ च्या एका शोधनिबंधात विंडोज एक्सपीच्या तेव्हाच्या नोंदवलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरच्या नावावर टाकले आहेत.

अपडेटमधून येणाऱ्या अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात. हा शब्दसुद्धा आपल्या गावाला परका नाही. जकार्ड मागाला नक्षी सांगणाऱ्या पुठ्ठ्यात चुकीचं भोक पडलं तर त्यावर कागद चिकटवून बुजवतात. जुन्या कॉम्प्युटरांचे प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहिलेले असत, आणि तिथंही चूक सुधारायची रीत हीच होती. १९४४ च्या हार्वर्ड मार्क वनच्या पट्टीवर असे चिकटवलेले तुकडे आजही दिसतात.

चूक ड्रायव्हरची, मग पॅच ऑपरेटिंग सिस्टिमला कशाला? लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हा प्रश्नच फारसा येत नाही. तिथं बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या सोर्समध्येच, म्हणजे मूळ कोडमध्येच, असतात, कर्नल बदलला की तेही बदलतात. विंडोजमध्ये कर्नल आणि ड्रायव्हर यांची घरं वेगवेगळी, म्हणून मायक्रोसॉफ्टनं हळूहळू भिंती घातल्या. विंडोज व्हिस्टा या आवृत्तीपासून ग्राफिक्स कार्ड दोन सेकंद गप्प राहिलं तर सगळं कोसळू न देता फक्त त्याचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, तो हाच प्रकार. काही जातींचे ड्रायव्हर तर कर्नलच्या बाहेरच काढले. मला हा खरा इलाज वाटतो, बाकीची ठिगळं.

आता अपडेट बंद ठेवणाऱ्या त्या मुलाची बाजूही मांडतो, कारण तो अगदीच चुकला नव्हता. मार्च २०२१ च्या विंडोज अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरना प्रिंट दिली की कॉम्प्युटर निळा पडायचा, आणि आठवड्याभरात पॅचवर पॅच काढावा लागला. १९ जुलै २०२४ तर सगळ्यांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक डेटा फाइल आली. त्यांचा कर्नलमधला ड्रायव्हर एकविसावा रकाना वाचायला गेला, हातात होते वीसच. सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर कोसळले, आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. दुरुस्त फाइल दीड तासात तयार झाली, पण मशीन सुरूच होत नसेल तर ती घेणार कशी? माणसांनी एकेका मशीनपुढे बसून, सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच गोष्टींवर विंडोज सुरू करून, ती बिघडलेली फाइल हातानं काढली. विंडोज बंद पडलेलं असतानाही दुरुस्ती उतरवून घेईल अशी सोय मायक्रोसॉफ्टनं त्यानंतर केली.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, मग अपडेट चालू ठेवायचं का बंद?)

चालू. पण सगळीकडे एकदम नको. पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतो, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. बुधवारी सकाळी ज्या मशीनवाचून काम अडत नाही त्यावर आधी घ्या. त्यावरून प्रिंट काढा, बारकोडचं लेबल काढा, त्याला झोपवून उठवा. चार-सहा दिवस बघा, मग बाकीच्यांवर. बिलिंगचं मशीन सगळ्यात शेवटी. आणि निळा पडलाच, तर आधी मोबाइलवर त्या पडद्याचा फोटो काढा. मला फोन करणारे सगळे "काहीतरी इंग्रजीत आलं होतं" एवढंच सांगतात.